"आधी स्टायपेंड विचारणारा मुलगा शिकायला आलेला नसतो" म्हणे. हे कोणी ठरवलं?

रातपाळी (धागा यांनी काढला)

काल एक पोस्ट फिरत होती, बऱ्याच जणांनी "अगदी खरं" म्हणत पुढे ढकलली. मजकूर थोडक्यात असा: पहिल्याच वर्षी पाच वर्षांचा करिअर प्लॅन लिहून काढा, सुट्टीत फुकट का होईना पण नावाजलेल्या कंपनीत इंटर्नशिप करा, पार्टटाइम नोकरीत वेळ घालवू नका कारण तो अनुभव कोणी धरत नाही, आणि शेवटी "जो मुलगा आधी स्टायपेंड विचारतो तो शिकायला आलेलाच नसतो".

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. तिथे कॉमेंटमध्ये मावणार नाही म्हणून वेगळा धागा.

मी पदवीची सगळी वर्षं कॉल सेंटरला रात्रपाळी केली, फी भरायची होती म्हणून. आता फुकट इंटर्नशिप म्हणजे नक्की काय ते बघा. पोरगा दोन-तीन महिने काम करणार, त्या काळातलं त्याचं भाडं, प्रवास, जेवण दुसरं कोणीतरी भरणार. ज्याच्या मागे असा भरणारा माणूस आहे तो "सीरियस" आणि ज्याच्या मागे नाही तो "पैशाच्या मागे लागलेला", असा सरळ हिशोब आहे हा, त्यात शिकण्याची तळमळ वगैरे कुठून आली?

आणि पगार घेतला की शिक्षण होत नाही हे तर साफ खोटं आहे. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने इंजिनिअरिंगच्या २७ पोरांना घेऊन एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा कारखाना असा कोर्स सुरू केला, कारखान्यातल्या कामाचे पैसे पोरांना मिळायचे. शिक्षण आणि पगारी काम आलटून-पालटून करायची ही पद्धत, जिला को-ऑप म्हणतात, ती तिथून पसरली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून तेच करतंय, चार महिने शिकायचं, चार महिने पगारी काम. ही पोरं काय शिकायला आलेली नव्हती?

कॉर्पोरेट_काका

भावना समजल्या. आता दुसरी बाजू ऐका, भरतीचं काम अर्धं आयुष्य केलंय म्हणून सांगतो. इंटर्न येतो तेव्हा त्याला काही येत नसतं. एका सीनियरचा वेळ त्याच्यामागे जातो, चुका निस्तराव्या लागतात, आणि हाताशी यायला लागला की परीक्षा आल्या म्हणून तो निघून जातो. छोट्या कंपनीने हे का परवडवून घ्यायचं? पैसे द्या म्हणालात तर ती इंटर्न घेणंच बंद करेल, मग कोणाचं भलं झालं?

प्लॅनबद्दल तर ती पोस्ट शंभर टक्के बरोबर आहे. शेवटच्या वर्षाची मुलं समोर बसतात, विचारलं काय करायचंय, तर "सर कुठलाही जॉब चालेल". असं म्हणणाऱ्याला कुठे बसवायचं तेच कळत नाही.

आणि राहता राहिलं पार्टटाइम. खरं सांगतो, राग मानू नका, सीव्हीवर "कॉल सेंटर" किंवा "सेल्स काउंटर" दिसलं की माझी नजर पुढच्या ओळीवर जाते. अर्जाच्या जागेशी संबंध नसलेलं काम लिहून पान भरू नका, असंच मी मुलांना सांगतो.

थर्ड_इयरवाली

काका तुमची नजर जिथून पुढे जाते ना, तेच माझं सध्याचं आयुष्य आहे. संध्याकाळी सेल्स काउंटरला उभी असते.

इंटर्नशिपचं म्हणाल तर मला दोन प्रकारच दिसतात. एक जिथे ओळखीशिवाय मेलला उत्तरच येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे आधी "रजिस्ट्रेशन"चे पैसे तुम्हीच भरायचे, मग एका ग्रुपमध्ये ढीगभर पोरांना कोंबतात, "मेंटर" रोज सकाळी एक व्हिडिओची लिंक टाकतो, आणि शेवटी क्यूआर कोड असलेलं सर्टिफिकेट पीडीएफमध्ये येतं. माझ्या मैत्रिणीचं सर्टिफिकेट आलं त्यात कालावधी संपायची तारीख अजून पुढच्या आठवड्यातली होती. हे सीव्हीवर चालतं आणि माझं काउंटर चालत नाही?

खडूस_मास्तर

चालतं, कारण आम्हाला फाइल पूर्ण करायची असते. आमच्या कॉलेजात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत, म्हणजे ती पदवीत धरली जाते, मग लॉगबुक आलं, कंपनीचा सही-शिक्का आला. यंदा तपासायला बसलो तर रोजच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, एका बैठकीत लिहिलेल्या. एका पठ्ठ्याने रविवारीसुद्धा "टीम मीटिंग अटेंड केली" लिहिलंय. विचारलं तर म्हणतो सर सगळे असंच लिहितात, आणि खरंच सगळे तसंच लिहितात.

दुसरं दुखणं म्हणजे काकांसारख्या कंपन्या. शेवटचं सेमिस्टर सुरू व्हायच्या आत "उद्यापासून जॉइन कर" म्हणतात. वर्ग रिकामे. हजेरी कमी भरली की पालक आमच्यावर ओरडणार. पोरांचा एवढा पुळका आहे तर सुट्टीत बोलवा की.

कॉर्पोरेट_काका

मास्तर, प्रोजेक्ट सुट्टी बघून येत नाहीत. आणि तुम्ही वर्गात काय शिकवता ते आम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं, तो विषय काढू का?

खडूस_मास्तर

काढा. नवीन माणसाला तुमचं काम शिकवणं हे तुमचंच काम आहे. ते कॉलेजवर ढकललं, आता विद्यार्थ्याच्या खिशावर ढकलताय.

कायद्याचं_बोला

इथे सगळे नीतिमत्तेवर भांडताय, जरा नियम बघा. जर्मनीत २०१५ ला सरसकट किमान वेतन आलं, पण अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप त्यातून वगळली. शिकताना स्वखुशीने केलेली असेल तरी तीन महिन्यांपर्यंत सूट. ब्रिटनमध्ये कोर्सचा भाग म्हणून केलेली एक वर्षापर्यंतची प्लेसमेंट किमान वेतनाच्या बाहेर. फ्रान्समध्ये उलटं, दोन महिन्यांच्या वर गेलं की मोबदला द्यावाच लागतो.

आता यातली मेख बघा. जर्मनी-ब्रिटनसारखा नियम असेल तिथे कॉलेजने इंटर्नशिप "सक्तीची" केली की विद्यार्थ्याचा वेतनाचा हक्क जातो. म्हणजे मास्तरांच्या ज्या क्रेडिटमुळे पोरांना संधी मिळते असं म्हणतात, त्याच कागदामुळे कंपनीला फुकट हात मिळतात. यावर कोणी बोलत नाही.

अमेरिकेत २०११ मध्ये एका सिनेमाच्या निर्मितीत राबलेल्या इंटर्ननी कोर्टात दावा लावला होता. २०१३ ला खालच्या कोर्टात जिंकले, २०१५ ला वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून नवी कसोटी घातली की जास्त फायदा कोणाचा झाला ते बघा, इंटर्नचा की कंपनीचा. खुद्द व्हाइट हाउसने इंटर्नना पगार द्यायला २०२२ मध्ये सुरुवात केली.

रातपाळी

ही फायदा कोणाचा वाली कसोटी मला पटली. झेरॉक्स काढणं, एक्सेलमध्ये नावं चढवणं, दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनची फॉन्ट साइज सारखी करणं, यात विद्यार्थ्याचा फायदा काय ते काकांनी सांगावं.

पण काकांनी ते सीव्हीचं जे लिहिलंय ते मी सोडणार नाही. संबंध नसलेलं काम म्हणजे काय हो? चिडलेला ग्राहक लाइनवर आला की पहिला मिनिट मधे बोलायचं नाही, त्याचं झालं की त्याचीच तक्रार त्याला दोन वाक्यांत परत सांगायची, "बरोबर समजलं ना?" विचारायचं, तिथे माणूस खाली येतो. मग पुढच्या शिफ्टच्या एजंटला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागू नये अशी तीन ओळींची नोट लिहायची. आज मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये टीम सांभाळतो आणि रोज हेच करतो. हे मला कुठल्या वर्गात किंवा फुकट इंटर्नशिपमध्ये शिकवलं असतं?

लॅबमधली

माझा मुद्दा वेगळाय. माझ्या क्षेत्रात, म्हणजे संशोधनात, लॅबमध्ये बिनपगारी हात लावल्याशिवाय कोणी शिफारसपत्र देत नाही आणि त्याशिवाय पुढे प्रवेश नाही. मीही केलंय, कुरकुर न करता केलंय, आणि मला त्याचा उपयोग झाला. पिपेट धरायला सेल्स काउंटरवर नाही शिकवत. सरसकट "फुकट म्हणजे शोषण" बोलणाऱ्यांना हे दिसत नाही.

शिवाय ओळखी. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की नोकरीची बातमी घट्ट मित्रांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त येते, कारण मित्रांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटींवर लोकांच्या डेटावर साधारण तेच निघालं. इंटर्नशिपमध्ये अशाच जुजबी ओळखी मिळतात. ती किंमत धरणार की नाही?

थर्ड_इयरवाली

ताई, तुम्हाला ते करणं परवडलं. तुम्ही काम केलं नाही असं कोणी म्हणत नाहीये. पण माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी लॅबला जाऊ शकली नाही कारण ती दुपारी ट्यूशन घेते आणि त्यावर घर चालतं. तिला शिफारसपत्र कोण देणार?

लॅबमधली

"परवडलं" हा शब्द मागे घे. मी पहाटे उठून दुसरं काम करून लॅबला जायचे, तुला माझ्या घरचं काही माहीत नाही.

थर्ड_इयरवाली

मग तर तुम्ही माझ्या बाजूने असायला हवं होतं! ते पहाटेचं काम तुमच्या सीव्हीवर आहे का?

लॅबमधली

नाहीये. गाइडने काढायला लावलं होतं.

रोखठोक

झालं, यातच सगळं आलं. दोन-दोन कामं करून शिकणारी मुलगी तेच लपवते आणि क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट वर चिकटवते. काका तुमची नजर पुढच्या ओळीवर जाते म्हणून हे होतं, तुमच्यासारखेच गाइड पण.

कॉर्पोरेट_काका

माझ्यावर घसरायचं कारण नाही. मी एकटा नियम करत नाही, आधी सॉफ्टवेअर कीवर्ड बघून गाळतं, मग माझ्यापर्यंत येतं. आणि तुम्ही लोक लिहिताच असं की काही कळू नये. "कस्टमर हँडलिंग, टीमवर्क, हार्डवर्किंग". यातून मी काय समजायचं? रातपाळी यांनी वर जे तीन ओळींच्या नोटचं लिहिलं तसं कोणी सीव्हीवर लिहिलं असतं तर मी थांबलो असतो, हे मान्य करतो. पण तसं कोणीच लिहीत नाही हाही तुमचाच दोष आहे.

रातपाळी

लिहीत नाहीत कारण लिहू नका म्हणून तुम्हीच सांगता, पहिल्या उत्तरात आहे बघा.

थर्ड_इयरवाली

बरं मग काका हे बघा, आत्ता लिहिलं: "सेल्स काउंटर, संध्याकाळची पाळी. दिवसअखेर कॅश आणि बिलं जुळवणं माझ्याकडे. परत आलेल्या मालाची वेगळी वही सुरू केली, त्यावरून एकाच प्रकारचा माल सारखा परत येतोय हे लक्षात आणून दिलं." चालेल?

कॉर्पोरेट_काका

वही सुरू केली हे वर घे, कॅश खाली. लक्षात आणून दिल्यावर मालकाने पुढे काय केलं ते लिही. काही केलं नसेल तर तेही मुलाखतीत सांग, लपवू नको. आणि तू अकाउंट्सकडे जाणार की खरेदी-पुरवठ्याकडे ते ठरव, त्यावर पहिली ओळ बदलेल. यालाच मी प्लॅन म्हणतो.

रातपाळी

हा प्लॅन मला मान्य आहे. पहिल्या वर्षी भिंतीवर लावलेला पाच वर्षांचा नाही. जॉन क्रुम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं की करिअरमध्ये योगायोगाचा वाटा मोठा असतो, आणि योगायोग समोर आला की तो पकडता यावा म्हणून तयारी करायची, एकच वाट आखून बसायचं नाही. मी कॉल सेंटरला लागलो तेव्हा सॉफ्टवेअर सपोर्ट हे नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

खडूस_मास्तर

एक गोष्ट गंभीरपणे मांडतो. पुढच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत मी ठेवणार आहे की पगारी पार्टटाइम कामालाही इंटर्नशिपची क्रेडिट द्या. लॉगबुक नको, पगाराची स्लिप आणा. स्लिप खोटी बनवणं लॉगबुकपेक्षा अवघड आहे एवढं तरी काका मान्य करतील.

कॉर्पोरेट_काका

करतो. पण नुसत्या स्लिपवर क्रेडिट वाटलीत तर ती पण वर्षभरात लॉगबुकसारखीच होतील. पोराने काय काम केलं ते एक पान स्वतः लिहावं आणि त्यावर दहा मिनिटं तोंडी विचारा, कॉपी केलेलं दोन प्रश्नांत कळतं. हे करणार नसाल तर माझा विरोध कायम.

कायद्याचं_बोला

आणि मास्तर, ठरावात एक वाक्य घाला की क्रेडिट मिळाल्यामुळे कामाचा दर्जा बदलणार नाही, कर्मचारी तो कर्मचारीच राहील. नाहीतर जिथे तशी सूट आहे तिथला मालक दुसऱ्या दिवशी म्हणेल, हे तर तुझ्या कोर्सचं काम, पगार कशाचा?

थर्ड_इयरवाली

ते सगळं ठीक आहे, पण माझी ती मैत्रीण ट्यूशन घेते, पैसे हातात मिळतात. तिला स्लिप कोण देणार?

खडूस_मास्तर

पालकांचं पत्र चालवून घेऊ. बैठकीत यावरच सगळ्यात जास्त आरडाओरडा होणार आहे, मला आत्ताच दिसतंय. तिला सांग कोणाला, कधीपासून, कुठला विषय शिकवते ते लिहून ठेव, बैठकीत दाखवायला एक खरं उदाहरण लागेल.