मदत हवी आहे: अख्ख्या कवटीत टेरिगॉइड कॅनॉलमधून (तळाच्या हाडातला बारीक बोगदा) काडी कशी घालायची?

नागपुरात एमबीबीएस पहिल्या वर्षाच्या व्हायव्हाची (तोंडी परीक्षेची) तयारी सुरू आहे. कवटीच्या तळाची छिद्रं वरून-खालून दोन्हीकडून ओळखता येतात. ओव्हेल आणि स्पायनोसम या छिद्रांमध्ये वरून काडी घातली की ती सरळ तळाशी निघते. रोटंडम या छिद्रातली काडी तळाशी येत नाही, ती पुढे टेरिगोपॅलटाइन फॉसात (वरच्या जबड्यामागच्या खळग्यात) जाते. कवटी कुशीवर ठेवून टेरिगोमॅक्सिलरी फिशरमधून (त्या खळग्याच्या बाहेरच्या बाजूच्या फटीतून) टॉर्च मारला की टोक दिसतं. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते टेरिगॉइड कॅनॉलपाशी. त्याचं मागचं तोंड फोरामेन लॅसरम या तळाच्या छिद्राच्या पुढच्या कडेला आणि पुढचं त्याच फॉसात, रोटंडमच्या खाली, मध्यरेषेकडे, हे पाठ आहे. सुट्या स्फेनॉइडवर (हा कॅनॉल ज्या हाडात असतो ते हाड) ते समोरून लख्ख दिसतं, पण परीक्षेत टेबलावर अख्खी कवटी असते. खराट्याची काडी लॅसरमच्या खडबडीत कडेला अडकून मोडते. तांब्याची तार वळते, पण जोर लावला तर पातळ हाड तडकायचं, म्हणून ती बंद केली. मासेमारीचा नायलॉन दोरा आत जातो आणि गुंडाळी होऊन बसतो. प्लास्टिकच्या मॉडेलमध्ये हे छिद्र पाडलेलंच नाही, त्यामुळे तो सल्ला नको. ॲपवरची थ्रीडी चित्रंही पाहून झाली. हाडं डिपार्टमेंटची, बाहेर नेता येत नाहीत. खुणेला रंग किंवा डिंकही चालणार नाही.

मागून घालताना कवटी कशी धरायची, काडीचा कोन किती ठेवायचा आणि कोणती काडी हाड न दुखवता पार जाते?