दूधगंगेतील काळ्या पाण्याची तक्रार कोणत्या राज्याकडे आणि कोणत्या पुराव्यानिशी करावी?

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव दूधगंगेच्या काठी, राज्याच्या सीमेला लागून आहे. गळीत हंगाम सुरू झाला की काही दिवसांतच एका ओढ्यातून काळपट, मळीच्या वासाचे पाणी नदीत उतरते. गेल्या हंगामात बंधाऱ्याजवळ मासे मरून तरंगत होते आणि दोन दिवस जनावरांनी पाण्याला तोंड लावले नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला, आम्ही निवेदन दिले. परंतु अधिकारी पाहणीला आले तो चौथा दिवस होता आणि तोवर पाणी पुढे वाहून गेले होते. ओढा महाराष्ट्राच्या हद्दीतून येत असल्यामुळे प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. आम्ही नेमके कोणाकडे जावे? शिवाय आमच्यापैकी बहुतेकांना कन्नड बोलता येते, पण लिहिता येत नाही.

वकील, बेळगाव

सांडपाणी ज्या ठिकाणी सोडले जाते, तेथील राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ कारवाई करते. तुमच्या बाबतीत ते महाराष्ट्राचे मंडळ असेल. मात्र नुकसान कर्नाटकात होत असल्याने कर्नाटकाच्या मंडळालाही त्याच दिवशी तीच तक्रार द्यावी आणि दोन्हींची पोच घ्यावी. राज्य मंडळांच्या कामात समन्वय साधणे आणि त्यांच्यातील वाद मिटवणे हे 1974 च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम 16 नुसार केंद्रीय मंडळाचे काम आहे, म्हणून तिसरी प्रत तिकडे पाठवावी. एवढे केल्यावर बोट दाखवण्याला फारशी जागा उरत नाही.

याच कायद्याच्या कलम 49 नुसार सामान्य नागरिकही मंडळाला किमान 60 दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार करू शकतो आणि तशी तक्रार केल्यावर मंडळाकडील संबंधित अहवाल मागू शकतो. ही तरतूद फार कमी लोक वापरतात, याची मला मनापासून खंत वाटते. राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचे झाल्यास कर्नाटकाची प्रकरणे चेन्नईच्या खंडपीठाकडे आणि महाराष्ट्राची पुण्याकडे जातात. दाव्याचे कारण अंशतः जिथे उद्भवले तिथेही अर्ज करता येतो, म्हणून तुमच्यासाठी पुणे सोयीचे ठरेल. सहा महिन्यांची मुदत मात्र चुकवू नका.

कृष्णाकाठचा शेतकरी (चिकोडी)

तक्रार कोणाकडे करायची यापेक्षा पुरावा कसा जमवायचा हा प्रश्न मला अधिक मोठा वाटतो. आम्हीही दोन वर्षे निवेदनेच देत होतो. खटल्यात ग्राह्य धरला जाणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच कलम 21 मधील पद्धतीने, म्हणजे जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, मोहोरबंद भांड्यांत घ्यावा लागतो. तुम्ही बाटलीत भरून नेलेले पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही, पण अधिकाऱ्यांना तातडीने बोलावण्याचे कारण ठरू शकते. म्हणून पाणी काळे दिसताच, शक्यतो पहाटेच, तारीख-वेळ व स्थळ नोंदवणारी छायाचित्रे घ्या आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) व तलाठी यांच्या समक्ष पंचनामा करून घ्या. पहाट यासाठी, की कुजणारे सेंद्रिय द्रव्य पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते, रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात आणि त्यामुळे मासे बहुधा त्याच वेळी गुदमरतात. स्नानयोग्य नदीत विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम असावा लागतो. नमुना खासगी प्रयोगशाळेला द्यायचा असेल तर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा, कारण उशीर झाल्यास बीओडीचा, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचा, आकडा विश्वासार्ह राहत नाही.

एक गोष्ट नक्की नोंदवा: बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवण्याच्या फळ्या) त्या दिवशी घातलेले होते की काढलेले? बरगे घातलेले असताना घाण तुंबून राहते आणि काढले की एका रात्रीत खालच्या गावांकडे जाते. पाहणीच्या दिवशी नदी स्वच्छ दिसण्याचे कारण अनेकदा यातच असते.

निवृत्त शिक्षिका, शहापूर

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातील सांडपाण्यामुळे आमच्या शिवारातील भातशेतीचे हाल आम्ही रोज पाहतो, त्यामुळे आपली तळमळ समजते. कलम 25 नुसार मंडळाने परवानगीतील अटींची नोंदवही ठेवायची असते आणि बाधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क असतो. कोणत्या कारखान्याला किती पाणी, कोणत्या प्रतीचे, कुठे सोडायला परवानगी आहे हे आधी पाहून घ्या, म्हणजे तक्रारीत अटींच्या भंगावर नेमके बोट ठेवता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो, परंतु कर्नाटकाच्या नियमानुसार तो एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा. कन्नड मजकूर मी आनंदाने लिहून देईन.

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

बरग्यांची नोंद आम्ही कधीच ठेवली नव्हती. बंधाऱ्यावरील माणसाकडून ती तारखेसह लिहून घेण्याचे आज रात्रीच ठरवले आहे. शिक्षिकाताई, अर्जाचा मराठी मसुदा उद्यापर्यंत आपल्याकडे पाठवतो.