मदत हवी आहे: पद्मिनीचा गिअरबॉक्स इंचभर सरकून अडकलाय

१९७८ ची प्रीमियर पद्मिनी, कॉलम गिअरवाली (गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ), बरीच वर्षं उभीच होती. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवतोय. प्रॉपेलर शाफ्ट, स्टार्टर, गिअरचे रॉड, क्लचचं लिंकेज, मागचं माउंटिंग सगळं सुटलंय, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडणारा घंटेसारखा भाग) दिसतील तेवढे बोल्ट काढले, इंजिनाच्या संपखाली (तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकूड ठेवून जॅक लावलाय. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये खाली बोटभर फट पडलीय पण वर जेमतेम नख जातं.

डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलं, हलवून पाहिलं, पहार लावायची हिंमत नाही, अल्युमिनियमचं केसिंग तडकलं तर नवीन कुठून आणू? लिफ्ट नाही, चेन पुली नाही, त्यामुळे इंजिनासकट काढा हा सल्ला नको.

वर एखादा लपलेला बोल्ट राहिलाय की इंजिन तिरकं झाल्याने गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलाय, हे जोर न लावता कसं ओळखायचं?