आईचा खुबा आणि कंबर: गादी बदलायची की आधी आणखी काही बघायचं?

रानजाई

आईचं वय ५४, उंची ५ फूट १ इंच, वजन ६८ किलो. चार महिन्यांपासून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाड हाताला लागतं तिथेच, दुखतं. उजव्या कुशीवर झोपली की तासाभरात जाग येते. डाव्या कुशीवर वळलं तरी उजवा खुबाच ठणकतो. सकाळी कंबर पंधरा-वीस मिनिटं आखडलेली असते, मग चालू-फिरू लागली की मोकळी होते. एक्स-रेत खुब्याचा सांधा ठीक आहे, कमरेच्या मणक्यांत वयानुसार झीज आहे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा नाही.

गादी ५ इंची काथ्याची, आठ वर्षं जुनी, बॉक्स पलंगावर. दुकानदार ८ इंची कडक 'ऑर्थोपेडिक' गादी घ्या म्हणतो. नातेवाईक म्हणतात, जमिनीवर सतरंजी टाकून झोपा. संध्याकाळी दोन तास सोफ्यावर टीव्ही, दिवसा ओट्यापाशी उभ्याने काम, सकाळी उठल्या उठल्या योगासनं (गोमुखासन आणि वृक्षासन रोज). काय बदलावं, आणि आधी काय?

कणखर (फिजिओथेरपी)

तुमच्या वर्णनात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींना एकच कडक गादी लागू पडणार नाही.

खुब्याच्या बाहेरच्या हाडावर नितंबाच्या स्नायूंचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे) येऊन चिकटतात. ते कंडरे दुखावले की अगदी हेच चित्र दिसतं: बोट ठेवून दाखवता येणारी जागा, कुशीवर झोपल्यावर ठणका, जिना चढताना किंवा एका पायावर उभं राहून साडी-सलवार नेसताना कळ. चाळिशी ते साठीच्या बायकांत हे खूप आढळतं. सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, आणि मांडी घालायला किंवा पायाची नखं कापायला अवघड जातं. आईला जांघेत दुखत असेल तर साध्या एक्स-रेवर थांबू नका. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि एमआरआयमध्येच ते कळतं. स्टिरॉइडची औषधं बरेच दिवस घेतली असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डाव्या कुशीवर झोपूनही उजवाच खुबा का ठणकतो? वरचा, म्हणजे उजवा पाय पुढे घसरून गुडघा गादीला टेकतो. मांडी शरीराच्या मध्यरेषेच्या पलीकडे गेली की ते कंडरे हाडावर ताणून दाबले जातात. खाली असताना गादीचा दाब, वर असताना हा ताण. म्हणून पहिला बदल बिनखर्चाचा: दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यापर्यंत पुरेल अशी लांब, भरीव उशी पायांत ठेवायची. फक्त गुडघ्यांत छोटी उशी ठेवली तर पाऊल खाली लोंबतं आणि मांडी आत वळते, निम्मा फायदा जातो. घरातला जुना लोड चालतो. कंबर आणि गादी यांत फट राहत असेल तर तिथे टॉवेलची गुंडाळी. उताणं झोपायचं असेल तर गुडघ्यांखाली उशी.

सतरंजीवर झोपणं सध्या नको. कठीण पृष्ठभागावर ६८ किलोचा भार खांदा आणि खुब्याच्या हाडावर येतो, म्हणजे दुखऱ्या कंडऱ्यावरच. कंबरेसाठी कडक तेच चांगलं हा समजही तपासला गेलाय. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर केलेली चाचणी २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना ९० दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवर जास्त आराम पडला होता.

आसनांतलं गोमुखासन, गरुडासन आणि पाय ओलांडून केलेलं अर्धमत्स्येंद्रासन किमान तीन महिने बंद. या तिन्हींत मांडी मध्यरेषेपलीकडे जाते. वृक्षासनात उभ्या पायाचा खुबा बाहेर फेकला जातो, तेही थांबवा. खुबा 'मोकळा करायला' म्हणून मांडीची बाहेरची बाजू ताणण्याचे व्यायाम मोबाईलवर खूप फिरतात. ते या दुखण्यात उलट त्रास वाढवतात.

काथ्या-कापूस (गाद्यांचा व्यवसाय)

गादीला हात घालण्याआधी पलंग उघडून बघा. बॉक्स पलंगाच्या वरच्या फळ्या बहुतेक वेळा १२ मिमी प्लायच्या असतात आणि खालचे आधार एकमेकांपासून दोन-दोन फुटांहून लांब. झाकणाचा जोड आणि बोट घालून उचलायचं भोक पुष्कळदा नेमकं कमरेखाली येतं. प्लायवर सरळ पट्टी किंवा झाडूचा दांडा आडवा ठेवा. मध्ये बोट शिरत असेल तर प्लाय बसलीय. मधोमध एक लाकडी आडवा आधार ठोकून घ्या किंवा १८ मिमी प्लाय टाका. खर्च नव्या गादीच्या मानाने किरकोळ.

मग गादी. चादर काढून डोक्याकडच्या काठापासून पायाकडच्या काठापर्यंत दोरी ताणून धरा. दोरी आणि गादी यांत दीड इंचाहून जास्त अंतर दिसलं तर झोळ पडलाय. काथ्याच्या गादीत रबराचा चिकटा सुटला की आतून तपकिरी भुसा गळायला लागतो. पलंगाच्या खणात तसा भुसा दिसला तर ती गादी संपली, उलटीपालटी करून उपयोग नाही.

दोष पलंगाचा की गादीचा, हे ठरवायचं असेल तर हीच गादी पाच-सहा रात्री जमिनीवर टाकून बघा. आराम पडला तर पलंग दोषी. आईंना जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर हा प्रयोग दुसऱ्या कोणीतरी झोपून केला तरी झोळ कळतो.

'ऑर्थोपेडिक' हे कंपनीने लावलेलं लेबल आहे. त्यामागे वैद्यकीय मानांकन असतं असं समजू नका. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच, की आत जास्त कडक थर आहे. कुशीवर झोपणाऱ्या, खुबा दुखणाऱ्या माणसाला वर नरम आणि खाली टणक अशी रचना लागते: खाली ४ इंची काथ्या किंवा रीबाँडेड फोम (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला), वर २ इंच लॅटेक्स (रबराचा फोम) किंवा मऊ फोम. आठ इंच जाडीची गरज नाही. जाडी वाढली की पलंगाची उंचीही वाढते, आणि पाय जमिनीला न टेकता घसरत उतरावं लागलं की तोच खुबा पुन्हा दुखतो. काठावर बसल्यावर तळवे पूर्ण टेकायला हवेत.

जुनी गादी दोरीच्या चाचणीत पास झाली तर नुसता २ इंची वरचा थर आणा, बाकी पैसे वाचतील. झोळ असलेल्या गादीवर मात्र हा थर टाकू नका. तोही त्याच खड्ड्यात बसतो.

फोम घेताना 'डेन्सिटी' म्हणजे कडकपणा नव्हे, हे डोक्यात ठेवा. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. त्यावरून फोम किती वर्षं टिकेल याचा अंदाज येतो. ७२ x ३६ x ४ इंचांचा तुकडा साधारण ०.१७ घनमीटर भरतो. म्हणजे ४० डेन्सिटीचा फोम पावणेसात किलोच्या आसपास यायला हवा आणि ३२ चा साडेपाच किलोच्या. दुकानात वजनकाटा मागा. पावती ४० ची आणि वजन पाच किलो, असा माल बाजारात आहे. मेमरी फोम गरमीत मऊ आणि थंडीत घट्ट होतो, शिवाय अंगाची उष्णता धरून ठेवतो. विदर्भात उन्हाळ्यात घामाने झोप उडते, त्यामुळे तिकडे लॅटेक्स बरा.

दुकानात आईंना घेऊन जा आणि त्या घरी झोपतात त्याच कुशीवर किमान पंधरा मिनिटं झोपू द्या, हातात नेहमीची उशी देऊन. मागून बघा: मानेच्या मणक्यापासून माकडहाडापर्यंतची रेषा सरळ दिसायला हवी. कंबर खाली लोंबली तर गादी मऊ, खुबा वरच तरंगला तर कडक. नव्या गादीवर पहिले दोन-तीन आठवडे अंग अवघडतं, तेवढ्यावरून परत करायची घाई नको. कापसाची गादी हवी असेल तर पिंजाऱ्याकडून दर दीड-दोन वर्षांनी पिंजून घ्यावी लागेल. गोळे झालेल्या कापसावर झोपणं सगळ्यात वाईट.

गुण्या (फर्निचर)

सोफ्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हॉलमधल्या बऱ्याच सोफ्यांची खोली २२ ते २४ इंच असते. ५ फूट १ इंच उंचीच्या बाईची मांडी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत, १७-१८ इंच भरते. पाठ टेकवायला मागे सरकलं तर पाय लोंबतात, पाय टेकवायला पुढे आलं तर कंबर गोल होते. आणि मग कंटाळून माणूस पाय एका बाजूला दुमडून बसतो, जे खुब्याला सगळ्यात त्रासदायक. पाठीमागे ५-६ इंच जाडीचा घट्ट तक्क्या उभा लावा, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहील एवढा. बैठक मऊ होऊन नितंब गुडघ्यांच्या खाली जात असतील तर गादीखाली १२ मिमी प्लायचा तुकडा सरकवा.

डायनिंगची खुर्ची १८ इंच उंच असते, आईंना १६ च्या आतबाहेरच पुरेल. पायांखाली दोन इंचांचा पाट ठेवा. पाय न टेकता बसलं की मांडीखालची कड टोचते आणि माणूस पुढे घसरत राहतो.

ओट्यापाशी: चार-पाच इंचांचं स्टूल ठेवून आळीपाळीने एक पाय वर. यात कमरेचा बाक कमी होतो. मात्र उभ्या पायाचा खुबा बाहेर काढून त्यावर रेलायचं नाही, पोळ्या लाटताना ही सवय फार असते. ओटा ३४ इंचांचा आणि बाई ५ फूट १ इंच असेल तर लाटताना खांदे वर जातात. पोळपाटाचं काम टेबलावर बसून केलेलं बरं.

रानजाई

दोरीने मोजलं, झोळ पाऊण इंच. प्लायचा जोड मात्र बरोबर कमरेखाली आहे आणि मध्ये बोट सहज जातं. जांघेत दुखत नाही. व्यायाम कोणते आणि किती, हे सांगाल का? आणि सकाळची आसनं चालू ठेवावीत का? अजून एक: धाकटा भाऊ २८ चा आहे, त्याचीही कंबर सकाळी आखडते, त्याला तासभर लागतो. तो गादीलाच दोष देतो.

कणखर

मग आधी प्लायचा आधार, नंतर २ इंची थर. नवी गादी नको.

व्यायाम. पहिले दोन आठवडे: उताणं झोपून गुडघे वाकवायचे, गुडघ्यांच्या वर ओढणी किंवा पट्टा सैलसर बांधायचा आणि दोन्ही गुडघे बाहेर ढकलायचे. जोर पाव ताकदीचा, पाय हलता कामा नयेत. ३० सेकंद धरून सोडायचं, असं चार वेळा, दिवसातून दोनदा. यात चूक एकच होते: जोर खूप लावला जातो आणि दुसऱ्या दिवशी खुबा ठणकतो.

त्यासोबत सेतुबंधासन (उताणं, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) दोन्ही पायांवर, १० वेळा, दोन फेऱ्या. गुडघे खुब्यांच्या रुंदीएवढे लांब ठेवायचे, ते आत पडू द्यायचे नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. समोर आरसा ठेवा, उठताना दुखरा गुडघा आत वळतो का ते बघायला. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गुडघे किंचित वाकवून भिंतीकडे तोंड करून आडवी पावलं, दोन्ही दिशांना दहा-दहा.

दुखणं दहापैकी चारपर्यंत गेलं तर चालेल, पण त्या रात्री झोपमोड होता कामा नये आणि दुसऱ्या सकाळी जास्त दुखता कामा नये. तसं झालं तर फेऱ्या निम्म्या करा, पूर्ण बंद करू नका. कंडरा हळूहळू भार पेलायला शिकतो, विश्रांतीने तो आणखी कमजोर होतो. ऑस्ट्रेलियात याच दुखण्यावर २०४ जणांची चाचणी झाली, २०१८ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. आठ आठवड्यांनंतर सवयींत बदल आणि असाच व्यायाम करणाऱ्या गटातल्या ७७ टक्के लोकांना चांगला फरक होता, स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत ५८ टक्क्यांना. कोणी इंजेक्शन सुचवलं तर ही आकडेवारी लक्षात असू द्या.

सकाळची आसनं तासभर पुढे ढकला. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्या उठल्या पुढे वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. आधी चहा, घरातली हलकी कामं, थोडं चालणं. पुढे वाकण्याची आसनं त्यानंतर. मकरासन आणि भुजंगासन चालतील.

कंबरेसाठी रोजचं चालणं सोडू नका. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ७०१ जण होते, सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले. आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू ३० मिनिटांपर्यंत चालणं वाढवणाऱ्यांत दुखणं पुन्हा येईपर्यंत मधला काळ २०८ दिवस निघाला, इतरांत ११२. आईने १० मिनिटांपासून सुरुवात करावी, पावलं थोडी फाकवून टाकावीत आणि सुरुवातीला चढ टाळावा.

आता भावाबद्दल, आणि हे तातडीने बघा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त चाललेली कंबरदुखी, सकाळचा अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, हालचालीने आराम आणि पडून राहिल्याने त्रास, पहाटे दुखण्याने जाग येणं, कधी उजव्या तर कधी डाव्या नितंबात दुखणं: यातल्या बऱ्याच गोष्टी जुळत असतील तर मणक्याच्या दाहक संधिवाताची शंका घ्यावी लागते. यात वर्षानुवर्षं गाद्या बदलल्या जातात आणि निदान मागे पडत जातं. डोळा लाल होऊन दुखणं, टाचदुखी किंवा अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील तर शंका आणखी बळावते. हाडांच्या डॉक्टरांपेक्षा थेट संधिवाततज्ज्ञाकडे न्या. ते एचएलए-बी२७ आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि माकडहाडाच्या वरच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. साध्या एक्स-रेत तिथला बदल दिसायला काही वर्षं लागतात.

संध्याकाळचा ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा टीबी तपासायला सांगा. आणि लघवी अडणं किंवा कळेनाशी होणं, बसण्याच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं यातलं काहीही दोघांपैकी कोणाला झालं, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळात जायचं.