उंदीर सोडला, दिवा मालवला, झोपलो. वा!

दांडियाबाजारकर: काल इथे एकानं लिहिलं, "माझा बॉल पायथन जिवंतच खातो. रात्री उंदीर सोडतो, सकाळी पेटी साफ." खाली बदामांचा पाऊस. म्हणून हे लिहितोय.
मीही हेच करायचो. डिसेंबरात सापानं खाणं सोडलेलं, तरी उंदीर सोडला आणि इथेच बडोद्यात रावपुऱ्यात लग्नाला गेलो. परत येऊन बघतो तर उंदीर पाण्याच्या भांड्याच्या काठावर बसून मिशा पुसतोय आणि सापाच्या पाठीवर रुपयाएवढा खळगा, आत पांढरं. सापाला भूक नव्हती, उंदराला होती. तीन महिने ड्रेसिंग.
मेलेला, गोठवलेला उंदीर द्या. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीत घालून गरम पाण्यात. उंदराचं डोकं नीट ऊबदार हवं. सापाच्या ओठांवरच्या, ऊब ओळखणाऱ्या खाचांना ऊब लागली नाही तर त्याच्या लेखी तो दगड. मायक्रोवेव्ह नको, फुटतो. (विचारू नका.)

विश्वामित्रीकाठ: तो मीच. जंगलात कोण गरम पाण्याची पिशवी घेऊन फिरतं? माझा चार महिने मेलेल्याला तोंड लावत नव्हता.

दांडियाबाजारकर: जंगलात उंदराला पळायला वाट असते. तुमच्या चार फुटी पेटीत कुठे जाणार, कमाटीबागेत? आणि थंडीत बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहतो. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही.

नवापुऱ्याची सून: घरात पिंजऱ्यात सापडलेला दिला तर? फुकट.

दांडियाबाजारकर: ताई, अजिबात नको. त्यानं शेजाऱ्याकडचं विष खाल्लं असेल तर सापही जाईल.

नवापुऱ्याची सून: मग तुमचा तो गोठवलेला ठेवायचा कुठे? आमच्या फ्रीझरात सासूबाईंचा चक्का असतो. अंडंसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून आणते मी.

सुरमईवाला: चक्क्याचं काय घेऊन बसलात! करेलीबागेत तीन घरं गेली माझी. आडनाव ऐकलं की लगेच, "नॉनवेज खाओ छो?" चौथ्या घरी एक तुकडी तळली तर जिन्यात मीटिंग. आणि वरच्या मजल्यावर अजगर पाळलेला चालतो!

विश्वामित्रीकाठ: तो फोडणी देत नाही.

सुरमईवाला: हसा. पणजोबा सयाजीरावांच्या नोकरीत आले तेव्हापासून इथे आहोत, अजून घर मागताना ताट दाखवावं लागतं.

ओटल्यावरचा: मालकाचं घर, मालकाची मर्जी. मासे खायचे तर मुंबईला जा. तुम्ही लोक...

सुरमईवाला: "तुम्ही लोक" म्हणजे कोण? बोला ना पुढे!

नवापुऱ्याची सून: काका, शांत व्हा. आणि ओटलेवाले, शनिवारी रात्री तुमची गाडी कुठल्या नॉनवेजच्या लारीपाशी असते ते आम्हाला दिसतं हं.

दांडियाबाजारकर: धागा सापाचा होता.

ओटल्यावरचा: मग पकडून देऊ का वनखात्याला?

विश्वामित्रीकाठ: परदेशी जात आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेली. इथली संरक्षित धामण पाळली असती तर बोलला असतात.
आणि दांडियाबाजारकर, काल रात्री तुमचं वाचून टॉर्च घेऊन बघितलं. शेपटीजवळ दोन खवले उडालेत. कातीमुळेही असतील. पण यापुढे समोर बसेन, त्यानं तोंड फिरवलं की पंधरा मिनिटांत उंदीर बाहेर. झालं समाधान?

दांडियाबाजारकर: अर्धं. गोठवलेला कधी?

विश्वामित्रीकाठ: आई फ्रीझर देईल तेव्हा.

सुरमईवाला: माझ्याकडे ठेवा. तसंही घर सोडायला सांगितलंच आहे.