निम्मा जोर कोणत्या कप्पीने लागतो?

वर कुणीतरी लिहिलंय, "कप्पी लावली की जोर निम्माच लागतो, मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे." हे अर्धंच खरं आहे. विहिरीवरच्या रहाटासारखी वर पक्की बांधलेली कप्पी जोर अजिबात वाचवत नाही, फक्त दिशा बदलते. वर ओढण्याऐवजी खाली ओढता येतं, आपलं वजनही कामी येतं, म्हणून सोपं वाटतं, इतकंच. जोर निम्मा होतो तो ओझ्याबरोबर वर सरकणाऱ्या कप्पीने.

गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत सुट्टीत मुलांकडून हे करून घेतलं होतं. पिशवीत लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या आणि दोरीच्या टोकाला माशांच्या बाजारात असतो तसला स्प्रिंगचा काटा. पक्क्या कप्पीवर काटा दोन किलोच्या थोडा वरच गेला (घर्षण!), सरकत्या कप्पीवर एक किलोच्या जरा पुढे. मुलांचे डोळे चमकले ते मात्र दोरी मोजताना: पिशवी १ मीटर चढवायला दोरी २ मीटर ओढावी लागली. जोर वाचला, पण अंतर दुप्पट झालं. हे मोजणं कृपया गाळू नका.