अनुभव धागा: मोबाईल, पोरं आणि घरातली म्हातारी माणसं – तुमच्याकडे काय टिकलं?

गंगापूर रोडकर (धागाकर्ती)

मुलांना मोबाईल किती द्यावा यावर भाषणं पुष्कळ झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगून ठेवलंय की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन अजिबात नको, आणि 2 ते 4 या वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, कमी असेल तर उत्तम. हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण संध्याकाळी साडेसातला एकीकडे कुकर शिट्ट्या देत असतो, सासऱ्यांना पेन्शन जमा झालं का ते बघायचं असतं, आणि त्याच फोनवर वर्गाच्या ग्रुपवर 'उद्या चार्ट पेपर आणणे' असा मेसेज येऊन पडलेला असतो. तेव्हा काय करता, ते सांगा.

दोनच अटी. चार दिवस पाळून बंद पडलेले नियम नकोत, आणि दुसऱ्याच्या घरावर शेरेबाजी नको. धाक दाखवून काय जमलं यापेक्षा घरातली एखादी सोय इकडची तिकडे केल्याने काय जमलं, ते वाचायला मला जास्त आवडेल. ॲपचं नाव आठवत नसेल तरी लिहा. 'ते हिरवं चित्र असतं बघा' म्हणालात तरी इथे कोणीतरी ओळखेलच.

खिडकीतली जाई, इंदिरानगर

धाकटी अडीच वर्षांची. फोन समोर धरल्याशिवाय घास घ्यायची नाही. आई म्हणाली, काढून घे सरळ, एक वेळ उपाशी राहील, दुसऱ्या वेळी खाईल. म्हणायला काय जातं! नोकरीवरून आल्यावर त्या रडारडीची ताकद कोणाकडे असते?

मी आधी फक्त चित्र काढलं, आवाज ठेवला. तेच बडबडगीत, पण फोन ताटाशेजारी पालथा. ती उलटा करायला हात घालायची. मी म्हणायचे, 'फोन झोपलाय गं, झोपेत गातोय.' हे तिला इतकं आवडलं की दुपारी आजीला दबक्या आवाजात सांगायला लागली, 'शूऽऽ, फोन निजलाय.' नंतर फोन ओट्यावर गेला, गाणं तिकडून ऐकू यायचं. मग छोट्या स्पीकरवर. आता गाणं मी म्हणते आणि शब्द गाळला की ती 'चुकलं' म्हणून ओरडते.

जेवण लांबतं, हे खरं आहे. वरणाचे ओघळ कोपरापर्यंत येतात. पण पोळीचा तुकडा स्वतः मोडते, भेंडी बोटांत धरून तिच्यातल्या बिया बघते, तिखट लागलं तर सांगते. फोन असताना तोंडात भेंडी गेली की बटाटा, याचा तिला पत्ताच नसायचा. आवाज आधी बंद करून चित्र ठेवलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पोरं चित्राने बांधली जातात.

नोटांचा माणूस, नाशिकरोड

मी नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालो. मुलांबद्दल तुम्ही बोला, मी म्हाताऱ्यांबद्दल बोलतो.

नोव्हेंबर आला की पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लागते. गुडघे धरून जिना चढायचा आणि आपण जिवंत आहोत हे काउंटरवर जाऊन सांगायचं. आता तो दाखला घरी फोनवर होतो, चेहरा दाखवून. 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप लागतात. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि मोबाईल नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जवळ ठेवा, म्हणजे मध्येच पासबुक शोधत कपाट उपसावं लागत नाही. आधी फोन चालवणाऱ्याचा चेहरा तपासला जातो, मग पेन्शनरचा. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण पहिल्याच पायरीवर अडतात. पेन्शनर स्वतःच फोन चालवत असेल तरी चालतं.

खरी गंमत उजेडाची. ट्यूबलाईट डोक्यावर असली की कपाळ चमकतं आणि डोळे काळोखात जातात. आमच्याकडे देवघरासमोरची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी खिडकीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं, चष्मा काढायचा, फोन दुसऱ्याने धरायचा आणि ॲप सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे. आमच्या शेजारचे जोशीबुवा म्हणावेत असे एक गृहस्थ आहेत (नाव दुसरंच आहे). त्यांना मिचकवा म्हटलं की ते दोन्ही डोळे घट्ट मिटून स्तोत्र म्हटल्यासारखे बसून राहत. शेवटी त्यांच्या सौभाग्यवती समोर उभ्या राहून स्वतः डोळे मिचकवू लागल्या, त्यांचं बघून यांनी मिचकवले, आणि झालं. ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट बघू नये. काम झालं की मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो, तो डायरीत उतरवून ठेवावा. मेसेज पुसले जातात, डायरी राहते.

डावणी-भुरी, निफाड तालुका

आमचं घर मळ्यात. नाशिकपासून लांब नाही, पण प्रश्न वेगळे. तुम्ही पोरांचा फोन काढून घ्यायच्या गोष्टी करताय, आमच्याकडे दादांच्या (वडिलांच्या) हातातून निघत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षवाल्याचं सगळं ध्यान आभाळात. ढग आले की डावणीची (द्राक्षावरच्या रोगाची) धास्ती, मग पाच ग्रुपवर पाच सल्ले, आणि रात्री अकरापर्यंत व्हॉइस मेसेज.

पण एका गोष्टीने घर सुखी केलं, ती म्हणजे विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्रीची. रात्रपाळी असली की दादा बॅटरी घेऊन बांधाने विहिरीवर जायचे. साप, बिबट्या, सगळीच भीती. आई जागी राहायची ते परत येईपर्यंत. आता स्टार्टरच्या पेटीत सिम आहे. घरून फोन लावायचा, बटण दाबलं की मोटर चालू. लाईट आली-गेली की पेटीच उलटा फोन करते. आई म्हणते, सुनेपेक्षा विहिरीचे फोन जास्त येतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्या सिमचा रिचार्ज संपला की पेटी मुकी होते, आणि ते नेमकं पाण्याच्या पाळीला कळतं. आमच्याकडे रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेली असते, गॅस सिलेंडरच्या तारखेच्या शेजारी. दुसरं लई महत्त्वाचं. मोटरीला, केबलला हात लावायच्या आधी मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून खिशात घाला. 'आता बंद आहे' या भरवशावर राहू नका. घरी पोरगं फोनशी खेळताना मोटर चालू करू शकतं. आमच्या पोरांच्या फोनात तो नंबरच ठेवलेला नाही.

सिडकोकर

वर्गाच्या ग्रुपबद्दल एवढंच सांगतो. आमच्या ग्रुपवर आईबाबांनी मिळून ठरवलं: आभार, अंगठे, हात जोडलेले, काही टाकायचं नाही. बाईंचा मेसेज एकदाच, तो वाचला की पुरे. फुलांची चित्रं आपोआप उतरून फोन भरू नये म्हणून सेटिंगमधलं ऑटो-डाउनलोड बंद केलं. शांतता आहे.

पंचवटीची लेक

आई पंचवटीत एकटी असते, मी नोकरीनिमित्त पाथर्डी फाट्याला. तिला एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा. 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुमच्यावर केस आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, मुलीलाही सांगायचं नाही.' आई घाबरली, पण गॅसवर दूध होतं. ती म्हणाली, दूध उतू जाईल, थांबा. तो म्हणाला, दूध जाऊ दे. इथे आईचं डोकं फिरलं. 'घरातलं दूध उतू जाऊ दे म्हणणारा पोलीस मी पाहिला नाही,' असं म्हणून तिने फोन आपटला आणि मला लावला.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणी अटक करत नाही, हे घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ करून ठेवा. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त. आमच्याकडे हा आकडा फ्रिजवर, दूधवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या नंबरांच्या वर, खडूएवढ्या जाड पेनने लिहिलाय.

शिवाय आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. त्यामुळे 'आई, माझा ॲक्सिडेंट झाला, पैसे पाठव' असा माझ्या आवाजात फोन आला, तरी तिने तो शब्द विचारायचा. शब्द अर्थातच इथे लिहिणार नाही. आईच्या भिशीतल्या बायकांनी आपापल्या घरचे शब्द ठरवले आणि पुढच्या भिशीत एकमेकींना सांगून टाकले. पुन्हा नवे ठरवावे लागले.

थर्ड शिफ्ट

अंबड एमआयडीसीत आहे. रात्रपाळी झाली की दिवसा झोप. फोन बंद ठेवावा तर घरचा महत्त्वाचा फोन चुकेल, चालू ठेवावा तर कर्जवाले झोपू देत नाहीत. अँड्रॉइडमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात 'रिपीट कॉलर्स' चालू करा. त्याच माणसाने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तरच रिंग वाजते. घरच्यांना सांगून ठेवलंय, काम अडलं असेल तर लागोपाठ दोनदा लावा. दाराच्या बेलचं बटण दुपारी बंद असतं. मुलगी शाळेतून आली की माझ्या पायाला गुदगुल्या करून उठवते. त्याला सेटिंग नाही.

आईच्या अकाउंटवरून (दहावी, ब तुकडी)

मी आईला विचारून लिहितेय. तुम्ही सगळे 'पोरांचं कसं सुटेल' लिहिताय. आमच्याकडे जेवताना फोन नको हा नियम होता, पण बाबांचा 'ऑफिसचा' फोन त्यात धरत नव्हते. आणि ऑफिसच्या फोनमधून कुत्र्याच्या पिल्लांचा आवाज यायचा. मी आणि भावाने नियम बदलून मागितला: फोन नको असं नाही, आवाज नको. ज्याला बघायचंय त्याने मुक्याने बघा. बिनआवाजाचे रील कोणी बघत नाही, बाबासुद्धा नाही.

दुसरं. क्लासवरून येताना आई सारखी फोन करायची, कुठे आहेस, सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) पोचलीस का. सायकलवर फोन कसा उचलू? आता मी निघताना तासाभरासाठी लोकेशन शेअर करते. ती नकाशात बघते, मी शांतपणे येते. दिवसभराचं नाही करत हां. तेवढं मी सोडवून घेतलंय, आणि माझे चॅट वाचायचे नाहीत हेही.

गंगापूर रोडकर (धागाकर्ती)

दहावी ब, तू बाबांनाही इथे लिहायला सांग! मुक्या फोनचा नियम आज आमच्याकडे लागू झाला. सासरे वैतागलेत.

गोदाकाठ

मला थोडं उलट बोलायचंय. आमच्या आजीला लिहिता-वाचता बेताचंच येतं. माईकचं चित्र दाबून मराठीत बोललं की चालतं, हे तिला नातवाने शिकवलं. ती फोनला 'अहो' म्हणते. 'अहो, जरा ते एकादशीचं कीर्तन लावता का?' लागलं की 'बरं झालं हो' असंही म्हणते. तिची दुपार आता तिची असते, कोणाच्या मिनतवाऱ्या नाहीत. फोन हा शत्रूच आहे, हा सूर मला पटत नाही.

अडचण वेगळीच आली. त्याच फोनवर नातू कार्टून बघायचा. परिणामी आजीच्या कीर्तनाखाली डायनासोर आणि नातवाच्या डायनासोरखाली प्रवचन. मग यूट्यूबमध्ये नातवासाठी वेगळं प्रोफाइल केलं, पुढचा व्हिडिओ आपोआप लागणं बंद केलं. हे ऑटोप्ले बंद करणं सगळ्यांनी कराच. एक संपलं की पडदा थांबतो, आणि त्या थांबलेल्या पडद्यापाशी मुलाला उठवणं सोपं जातं. चालू गोष्टीतून ओढून काढलं की भडका उडतो. एवढं करूनही नातवाला कीर्तनातली एक चाल पाठ आहे. ती तो डायनासोरवर म्हणतो.

शनिवारी मी त्याला सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकच्या, बालविभागात नेते. 1840 पासूनचं वाचनालय आहे आपलं, मुलाला एकदा तरी नेऊन आणा. पुस्तक निवडताना तो जितका वेळ लावतो, तितक्यात माझं मासिक वाचून होतं.

नोटांचा माणूस, नाशिकरोड

इथे जाणकार दिसतात म्हणून विचारतो. लाईट गेली की वायफाय जातं आणि नातवाचा ऑनलाइन क्लास अर्धवट राहतो. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. काही स्वस्तातला उपाय?

थर्ड शिफ्ट

काका, राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, वहीएवढा. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की 9, आणि किती अँपिअर, ते बघा, फोटो काढून दुकानात दाखवा. तुमच्याकडे फायबरचं डबडं आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना जोडायला लागेल. एकट्या राऊटरला लावलंत तर दिवे लागतील, नेट येणार नाही.